छापखान्याचा बॅकअप कशावर घ्यावा, हार्ड डिस्क, एसएसडी की क्लाउड?

छापखाना_सांगली:
नमस्कार मंडळी, आपला लहान छापखाना आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं आणि थोडं फ्लेक्स. टॅलीचा (हिशेबाचं सॉफ्टवेअर) डेटा जेमतेम १ जीबी, पण कोरलच्या (डिझाईनचं सॉफ्टवेअर) फाईली ६०० जीबीच्या वर गेल्यात आणि त्या उडवता येत नाहीत, कारण गिऱ्हाईक तीन वर्षांनी येऊन म्हणतं थोरल्याच्या लग्नाची होती तस्शीच धाकट्याची करा. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी बघत बघत रात्री सीपीयू माळ्यावर चढवला म्हणून वाचलो, बॅकअप होता तो गल्ल्यातल्या पेनड्राईव्हवर, तो गेला. आता २ टीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क) घ्यावी का?

जुना_हार्डवेअरवाला:
एसएसडी कामाला झकास, पण बॅकअप घेऊन वर्ष वर्ष कपाटात टाकणार असाल तर नको. तिच्यात डेटा विजेच्या चार्जवर टिकतो आणि करंट न देता पडून राहिली, त्यात उन्हाळा, तर तो हळूहळू उतरतो. त्याच पैशात साध्या फिरत्या दोन हार्ड डिस्क येतील, त्या घ्या, एक दुकानात एक घरी, दर शनिवारी अदलाबदल. फक्त आपटू नका. आणि ऑनलाईन तीन-चारशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राईव्ह दिसला तर हात लावू नका, आत ३२ जीबीची चिप असते, वरचा डेटा गुपचूप गायब.

खतावणी:
मी कर सल्लागाराकडे कामाला आहे. आमच्या एका क्लायंटकडे डिस्क होती, रोज बॅकअप पण होता, पण ती चोवीस तास कॉम्प्युटरला लावलेली, रॅन्समवेअर (फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आला तेव्हा टॅलीबरोबर तीही लॉक झाली. कॉपी झाली की काढा. जीएसटीची वह्या-बिलं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात, म्हणजे २०२३-२४ चं डिसेंबर २०३० पर्यंत, तेव्हा टॅलीचा बॅकअप त्याच फाईलवर चढवत बसू नका, दर मार्चअखेरचा वेगळा ठेवा.

छापखाना_सांगली:
घर पण गावभागातच आहे हो, पाणी आलं तर दोन्हीकडे येणार. मग सगळं क्लाउडवरच टाकू का?

जुना_हार्डवेअरवाला:
२० एमबीपीएस अपलोडला ६०० जीबी म्हणजे जवळजवळ तीन दिवस सलग, मध्ये लाईट गेली की बसा. टॅली आणि चालू वर्षाच्या फाईली क्लाउडवर टाका, टॅली तर गुगल ड्राईव्हच्या फुकटच्या जागेत मावेल. जुन्या कामांची डिस्क विश्रामबागला मिरजेला कुणी पाहुणा असेल त्याच्याकडे ठेवा.

खतावणी:
आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून बघा, नुसती फोल्डरची साईझ बघून समाधान मानू नका.

छापखाना_सांगली:
मेव्हणा मिरजेत वरच्या मजल्यावर राहतो, त्याच्याकडे ठेवतो एक. पोरं डिस्कवर पिक्चर भरणार नाहीत एवढं बघावं लागेल 😄

खतावणी:
पासवर्ड टाकून द्या, आणि तो पासवर्ड कागदावर लिहून घरात ठेवा, डिस्कवर चिकटवू नका.