दुबई-शारजाच्या खरेदीवरचा व्हॅट परत घेताना

नागपूरला उतरल्यावर नुसती बिलं पाठवून व्हॅट (खरेदीवर लागणारा कर) परत मिळेल का, असा प्रश्न आहे. नाही मिळणार. सगळं तिथेच उरकावं लागतं. दुकानात पैसे देतानाच पासपोर्ट दाखवून 'टॅक्स फ्री' व्यवहार नोंदवून घ्या. किमान खरेदी 250 दिरहम.

घोळ होतो तो विमानतळावर. बॅगा चेक-इन करण्याआधी 'टॅक्स फ्री' खरेदीची पडताळणी करून घ्या, वस्तू दाखवायला सांगू शकतात. साडी बॅगेत तळाशी, बॅग पट्ट्यावरून गेलेली, मग काय दाखवणार?

हिशेब असा: 2000 दिरहमवर 5 टक्के म्हणजे 100. त्यातले 87 टक्के मिळतात, वर प्रत्येक व्यवहारामागे 4.80 कापतात. हाती 82.20. हॉटेल-जेवणावरच्या व्हॅटचं मात्र विसरा, तो परत मिळत नाही.