मदत हवी आहे: केओएचमध्ये म्युकर दिसतो, पण कल्चरमध्ये उगवत नाही

अगरप्लेट
नमस्कार. जिल्हा पातळीवरच्या लॅबमधला प्रश्न आहे. म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) संशयातल्या सायनस आणि टाळूच्या टिश्यूच्या केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडने टिश्यू विरघळवून मायक्रोस्कोपखाली बघणं) रुंद, पसरट, सेप्टा (आडवे पडदे) जवळपास नसलेल्या हायफी (बुरशीचे तंतू) स्वच्छ दिसतात. तरी त्याच नमुन्यांतून कल्चरमध्ये (प्लेटवर बुरशी वाढवून बघताना) निम्म्याहून जास्त वेळा काहीच उगवत नाही.

सध्याची पद्धत: टिश्यू सलाइनमध्ये येतो. संध्याकाळी आला तर रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी मॉर्टरमध्ये वाटून लगदा करतात. थेंबभर केओएचला, बाकीचा सॅबरॉ अगरवर (बुरशी वाढवायचं माध्यम). अगरमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल (बॅक्टेरिया रोखायला) आणि सायक्लोहेक्झिमाइड (नको असलेल्या बुरशी रोखायला). इन्क्युबेटर २५ अंशांवर. कुठे चुकतंय? आणि कल्चर निगेटिव्ह आलं की वॉर्डातून विचारतात, "मग अँफोटेरिसिन (बुरशीवरचं औषध) बंद करू का?" रिपोर्टमध्ये काय लिहावं?

हायफा
मुख्य घोळ वाटण्यात आहे. म्युकर गटाची हायफा म्हणजे एक सलग नळी, मध्ये पडदे फारसे नाहीतच. कुठेही चिरडली की आतलं सायटोप्लाझम वाहून जातं आणि तो तुकडा मरतो. अ‍ॅस्परजिलसला (दुसरी एक बुरशी) ठरावीक अंतरावर सेप्टा असतात, म्हणून एक कप्पा फुटला तरी शेजारचा जगतो. त्यामुळेच वाटलेल्या टिश्यूतून अ‍ॅस्परजिलस येतो आणि म्युकर येत नाही. केओएचमध्ये मात्र मेलेल्या हायफीही दिसतात, म्हणून तुम्हाला ही तफावत दिसते आहे.

टिश्यू निर्जंतुक पेट्रीडिशमध्ये घ्या, स्कालपेलने १ ते २ मिमीचे तुकडे करा. लगदा नको. प्रत्येक तुकडा चिमट्याने अगरमध्ये अर्धवट रुतवा, नुसता वर ठेवू नका. एका प्लेटवर चार-पाच तुकडे, जागा लक्षात राहील असे. अशा दोन प्लेट लावा: एक २५ अंशांना, एक ३७ ला. ऱ्हायझोपस (या गटातली एक बुरशी) ३७ ला झपाट्याने वाढतो.

सायक्लोहेक्झिमाइड आजच काढा, त्याने हा गट दबतो. क्लोरॅम्फेनिकॉल राहू द्या. फ्रिजही बंद. थंडीत या हायफी टिकत नाहीत, नमुना खोलीच्या तापमानाला ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी लावा. टिश्यू बुडण्याऐवजी ओला राहील एवढंच सलाइन पुरे.

वाढ २४ ते ७२ तासांत दिसते, म्हणून प्लेट रोज बघा. कापसासारखी बुरशी झाकणाला टेकली की ती प्लेट फक्त बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडायची. एकदा स्पोर (बुरशीची बीजं) लॅबभर पसरले की पुढच्या प्रत्येक कल्चरवर शंका घ्यावी लागते. वाढ रुतवलेल्या तुकड्यातूनच निघाली आहे का हे तपासा. तुकड्यापासून दूर एकटीच वसाहत असेल आणि केओएच निगेटिव्ह असेल, तर ती बहुधा हवेतली.

पॅथवाला
हायफा यांच्याशी सहमत, पण एक भर. हे सगळं नीट केलं तरी खात्रीच्या केसेसपैकी साधारण निम्म्यांत कल्चर निगेटिव्हच राहतं. काळ्या पडलेल्या भागाच्या मधला टिश्यू पाठवला तर त्यात बहुतेक हायफी मेलेल्या असतात. सर्जनना सांगा, काळा आणि जिवंत भाग जिथे मिळतो ती कड द्या. निम्मा टिश्यू सलाइनमध्ये तुमच्याकडे, निम्मा फॉर्मॅलिनमध्ये आमच्याकडे. रक्तवाहिनीत शिरलेली बुरशी फक्त हिस्टोपॅथॉलॉजीतच (टिश्यूचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघताना) दिसते.

आता रिपोर्ट. केओएच पॉझिटिव्ह आलं की आधी फोन, मग कागद. शब्द असे (म्युकोरेल्स म्हणजे म्युकर गटाचं शास्त्रीय नाव): "रुंद, रंगहीन, सेप्टा नसलेल्या किंवा तुरळक असलेल्या हायफी दिसल्या, म्युकोरेल्स गटाशी सुसंगत." पुढे कल्चर आलं नाही तर: "वाढ नाही. यावरून म्युकरमायकोसिस नाकारता येत नाही." हे दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे, ते नसेल तर कुणीतरी औषध थांबवतं.

म्युकरची खूण मानल्या जाणाऱ्या, हायफीला ९० अंशांत फुटलेल्या फांद्यांवर फार विसंबू नका. कव्हरस्लिप दाबली की कोन बदलतात, हायफीच्या घड्याही सेप्टासारख्या दिसतात. रुंदी मोजा: म्युकर साधारण ६ ते २५ मायक्रॉन, अ‍ॅस्परजिलस ३ ते ५. जाड टिश्यूला २० टक्के केओएच आणि १५-२० मिनिटं द्या. कॅल्कोफ्लोर (बुरशी चमकवणारा रंग) असेल तर नक्की वापरा.

वॉर्डला हेही कळवा: गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकॅन या बुरशीसाठीच्या चाचण्या या आजारात निगेटिव्हच असतात, आणि व्होरिकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध यावर चालत नाही. लायपोसोमल अँफोटेरिसिन ५ मिग्रॅ प्रति किलो रोज, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच (सलाइनमध्ये साका धरतो), क्रिएटिनिन आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवून. सोबत सर्जरी आणि साखरेवर ताबा. कीटोॲसिडोसिसमध्ये (मधुमेहात रक्त आम्लयुक्त होणं) ट्रान्सफेरिनला (रक्तातलं लोह वाहणारं प्रथिन) बांधलेलं लोह सुटतं आणि ते या बुरशीच्या पथ्यावर पडतं.

अगरप्लेट
खूप आभार दोघांचे. सायक्लोहेक्झिमाइड नसलेल्या प्लेट आजच ओततो. एक उपप्रश्न: अपघातात माती गेलेल्या जखमेतून दोन दिवसांत पांढऱ्या बुरशीने प्लेट भरली, पण आठवडा झाला तरी स्पोरँजियम (स्पोरची पिशवी, जिच्यावरून प्रजाती ओळखतात) एकही नाही. लॅक्टोफिनॉलमध्ये (बुरशी बघायचा रंगद्रव) नुसत्या हायफी. ओळखायचं कसं?

हायफा
मातीची जखम म्हटल्यावर म्युकर गटातला अपोफिसोमायसेस डोळ्यासमोर येतो, त्याच गटातला सॅक्सेनियाही असू शकतो. हे दोघे सॅबरॉवर स्पोर धरतच नाहीत, त्यांना उपाशी ठेवावं लागतं. वाढीसकट १ सेंमीचा अगरचा चौकोन कापून २० मिली निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडा. त्यात गाळून निर्जंतुक केलेलं १० टक्के यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ०.२ मिली घाला. ३७ अंशांना ठेवा, आठवडा-दीड आठवडा धीर धरा. स्पोरँजियमखाली घंटेसारखा अपोफिसिस (देठाचा फुगीर भाग) दिसला तर अपोफिसोमायसेस. लांब मानेच्या सुरईसारखं स्पोरँजियम असेल तर सॅक्सेनिया. तोवर सर्जनना "म्युकोरेल्स, प्रजाती नंतर" एवढं आजच कळवा. जखम साफ करायला प्रजातीचं नाव लागत नाही.