मे ते जुलै सरांच्या प्रकल्पावर काम: पैशांचं आधी कसं ठरवून घ्यायचं?

खाडीकाठ

गोव्यात प्राणिशास्त्र, एमएस्सी पहिलं वर्ष. परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात संपते. गाईड म्हणाले, "सुट्टीत ये, खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतल्या) चिखलाचे नमुने घ्यायचे आहेत, पैशांचं बघू." काम साधारण आठ आठवड्यांचं. ताळगावची खोली दोन महिने ठेवायची की काणकोणला घरी जायचं, हे त्या "बघू"वर अडलंय. आत्ता फेब्रुवारी आहे. सरांना कधी आणि कसं विचारावं? कागद कोणते लागतात? इन्स्पायर (केंद्र सरकारची विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीची) शिष्यवृत्ती चालू आहे, तिला धक्का लागेल का?

नोटशीट

आत्ताच विचार. "सर, पैसे मिळतील का?" असं नको, "हे कुठल्या प्रकल्पातून आणि कुठल्या हेडखाली होईल?" असं विचार. पहिल्या प्रश्नाला "बघू" हेच उत्तर येतं. दुसऱ्याला सरांना फाईल उघडावी लागते.

प्रकल्पाचा पैसा हेडनिहाय, म्हणजे खर्चाच्या शीर्षकाप्रमाणे येतो: मनुष्यबळ, कन्झ्युमेबल्स (रसायनं, बाटल्या वगैरे), प्रवास, कंटिजन्सी (किरकोळ, ऐनवेळचा खर्च), ओव्हरहेड (संस्थेचा वाटा). कन्झ्युमेबल्समध्ये दोन लाख पडून असले तरी त्यातून तुला एक रुपया देता येत नाही. एका हेडचा पैसा दुसऱ्यात वळवायचा तर निधी देणाऱ्या संस्थेची मंजुरी लागते, आणि ती आठवड्याभरात येणारी गोष्ट नव्हे. म्हणून फेब्रुवारी.

जेआरएफची (ज्युनियर रिसर्च फेलो) जागा तुझ्यासाठी नाही. १ जानेवारी २०२३ पासून तिचा दर महिना ३७,००० रुपये आहे, पण त्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा गेटसारखी परीक्षा लागते, शिवाय काम पूर्णवेळ. सर ती जागा "तात्पुरती तुला" देतो म्हणाले तर नम्रपणे नको म्हण, लेखापरीक्षणात वसुली निघू शकते. तुला बसतं ते फील्ड असिस्टंट किंवा तात्पुरता मदतनीस, तेही मंजुरीपत्रात तशी तरतूद असेल तर. नसेल तर कंटिजन्सीतून रोजावर मानधन निघतं का, हे वित्त विभागाला विचारायचं. ते सरांनी विचारायचं, तू नाही.

वाट अशी: सरांची नोट, विभागप्रमुखांची सही, मग वित्त विभाग, मग कुलसचिव. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात वित्त विभागाला वर्षअखेरीशिवाय काही दिसत नाही, त्यामुळे नोट १५ मार्चच्या आत गेलेली बरी. दुसरी अडचण अशी की बऱ्याच केंद्रीय प्रकल्पांचा न वापरलेला निधी ३१ मार्चला परत जातो आणि नवा हप्ता युटिलायझेशन सर्टिफिकेट (आधीचा पैसा खर्च झाल्याचा दाखला) गेल्याशिवाय येत नाही. मंजुरी हातात असूनही मे-जूनचे पैसे ऑगस्टात येणं अगदी सर्रास. चवथीच्या बाजाराला मिळाले तर चांगलं म्हणायचं. खोलीचं भाडं या पैशांतून भरायचा बेत असेल तर दोन महिन्यांची सोय आधी करून ठेव.

नियुक्तीपत्रात हे असलंच पाहिजे: सुरुवातीची व शेवटची तारीख, रक्कम (रोजाची की महिन्याची), जास्तीत जास्त किती दिवस, हजेरीवर कोणाची सही, प्रवासखर्च वेगळा की त्यातच. पत्राच्या तारखेआधी केलेल्या कामाचे पैसे निघत नाहीत. सर १० मेला चिखलात उतरवतील आणि पत्र २५ मेचं असेल तर ते पंधरा दिवस धर्मादाय.

भरती_ओहोटी

वर रोज की महिना हा प्रश्न आलाय, तिथेच जास्त लक्ष दे, कारण काम चिखलाचं आहे.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यात काम उधाणाच्या ओहोटीला करतात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे चार-पाच दिवस, आणि रोज ओहोटीच्या आधी-नंतर दोन-दोन तास. आठ आठवड्यांत अशी चार उधाणं मिळतात. म्हणजे "फील्डचा रोज" ठरला तर फार तर वीस रोज, आणि त्यातही पावसाने काही जाणार. पण खरा वेळ चिखलात जातच नाही. नमुना ५०० मायक्रॉनच्या चाळणीतून धुवायचा, फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, रोझ बेंगालने रंगवायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक किडा-शिंपला वेगळा करायचा. पानं-मुळांचा कचरा जास्त असेल तर एका नमुन्यात आख्खा दिवस जातो, आणि खारफुटीजवळच्या चिखलात कचरा असतोच. तेव्हा पत्रात "फील्ड व प्रयोगशाळा" हे दोन्ही शब्द यायला हवेत. नुसतं "क्षेत्रीय काम" लिहिलं तर चाळणीचे दिवस हिशेबात येत नाहीत, आणि तेच जास्त असतात.

तारखांचंही बघ. पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात धरतो. मांडवी-झुआरीची क्षारता झपाट्याने उतरते, मेमधला नमुना आणि जुलैमधला नमुना दोन वेगळ्या खाड्यांतले वाटतात. पावसाआधीचा संच हवा असेल तर तो मेमध्येच पुरा करावा लागेल, म्हणजे पत्र ५ मेच्या आत हवं. नमुन्यांत ट्रॉलरची मासळी असेल तर मुदत आणखी कडक: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. मालीम जेटीवर (ट्रॉलर लागतात त्या धक्क्यावर) जायचं ते ३१ मेच्या आधी.

चोडणच्या पक्षी अभयारण्यात जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आधीच लागते. त्यात तुझं नाव आहे का ते स्वतः वाच. नेहमी सरांचं आणि जुन्या जेआरएफचं असतं, आणि फाटकावर नव्या मुलीला थांबवतात. खाजनात बांधावरून चालताना मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दारांच्या) तोंडाशी उतरू नकोस, दारं उघडली की ओढ जबरदस्त असते. चिखलात एकटीने जाणं नाहीच.

पै_पैचा_हिशेब

बिलं कुठे अडतात तेवढंच सांगतो.

बँक खातं. शाळेत असताना काढलेलं अल्पवयीन खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने सही आणि केवायसी द्यावी लागते. दोन वर्षं व्यवहार नसला तर खातं निष्क्रिय होतं. गोव्यात हमखास अडकणारा मुद्दा म्हणजे सिंडिकेट बँकेचं जुनं पासबुक: ती २०२० मध्ये कॅनरा बँकेत गेली आणि जुना आयएफएससी आता चालत नाही. कॉर्पोरेशन बँकेचं तसंच, ती युनियन बँकेत. नवा कोड असलेला रद्द केलेला चेक दे, पासबुकाची झेरॉक्स नको. आधार, पॅन आणि खातं या तिन्हीवर नाव एकसारखं हवं. एकीकडे वडिलांचं नाव मध्ये, दुसरीकडे नाही, एवढ्यावर पेमेंट परत येतं.

कर. मानधन ही शिष्यवृत्ती नव्हे, त्यामुळे शिष्यवृत्तीची करमाफी त्याला लागत नाही. कार्यालय टीडीएस कापू शकतं, बहुधा १० टक्के, पॅन दिला नसेल तर २० टक्के. दोन महिन्यांच्या मानधनावर तुला कर लागणारच नाही, पण कापलेला पैसा परत मिळवायला पुढच्या वर्षी रिटर्न भरावं लागतं. आधी २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) उघडून कपात तुझ्या पॅनवर दिसतेय का ते बघ.

प्रवास. कदंबच्या (गोव्याच्या सरकारी बसच्या) तिकिटाची शाई महिन्याभरात उडते, त्याच दिवशी झेरॉक्स काढ आणि मागे तारीख, कुठून-कुठे, कशासाठी हे लिही. साध्या फेरीबोटीला पायी जाणाऱ्याला तिकीटच नाही, त्या टप्प्याचं बिल मागू नकोस. आणि बाटल्या, फॉर्मॅलिन, पिशव्या स्वतःच्या पैशांनी आणू नकोस. बिल विद्यापीठाच्या नावाचं नसेल तर ते पैसे गेले. ॲडव्हान्स सरांच्या नावावर उचलता येतो, तो त्यांना उचलू दे.

खाडीकाठ

खूप आभार. सरांनी फाईल बघितली. मनुष्यबळात जेआरएफची जागा रिकामी आहे, बाकी काही नाही. कंटिजन्सीत पैसे आहेत. आणि इन्स्पायरचं राहिलं.

नोटशीट

जेआरएफच्या रिकाम्या जागेचे पैसे तुला देता येणार नाहीत, ती वाट सोड. कंटिजन्सीतून रोजावर मानधन, दिवसांची मर्यादा घालून, अशी नोट करायला सांग. वित्त विभाग "मदतनीस का लागतो?" असं विचारणारच. नमुन्यांची संख्या, उधाणांच्या तारखा आणि एका नमुन्याला लागणारे तास असा छोटा तक्ता नोटेला जोडला तर फाईल एकदाच फिरते. तो तक्ता तूच करून दे.

इन्स्पायरचे वर्षाचे ८०,००० असतात: ६०,००० हातात, २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. त्या प्रकल्पाचा अहवाल आणि मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र द्यावंच लागतं. धोका इथे आहे: तेच चिखलाचे नमुने तिथे उन्हाळी प्रकल्प म्हणून आणि इथे मानधनाचं काम म्हणून दाखवलेस तर एकाच कामाचे दोनदा पैसे घेतल्यासारखं होईल. विषय वेगळे ठेव. मानधन चाळणी आणि वर्गीकरणाचं, इन्स्पायरचा अहवाल एखाद्या वेगळ्या प्रश्नावर, तारखाही वेगळ्या. सरांच्या सहीने हे विभागात लेखी देऊन ठेव आणि शिष्यवृत्तीच्या अटींत दुसऱ्या मोबदल्याबद्दल काय म्हटलंय ते नोट जाण्याआधी वाचून घे.

भरती_ओहोटी

तक्ता करताना पंचांगातल्या तिथीवर थांबू नकोस, मुरगाव बंदराचं भरती-ओहोटी कोष्टक घे. खाडीत आत जाल तशी ओहोटी बंदरापेक्षा उशिरा लागते, तेवढी वेळ पुढे धर.