मदत हवी आहे: झिंक ऑक्साइडमध्ये कोबाल्ट टाकला तरी चुंबकत्व शून्य!

गंगापूररोडकर: मंडळी, तीन आठवडे झाले, डोकं बधिर झालंय. झिंक ऑक्साइडचा ३२ अणूंचा सुपरसेल (स्फटिकाचे छोटे तुकडे जोडून केलेला मोठा तुकडा), त्यात कोबाल्ट घातलाय, कॉम्प्युटरवर क्वांटम एस्प्रेसो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये गणित चालवतोय. दरवेळी आउटपुटमध्ये टोटल मॅग्नेटायझेशन (एकूण चुंबकत्व) ०.००. सोमवारी सरांना दाखवायचंय. लवकर सांगा.

चिकित्सक: निम्मी माहिती पोटात ठेवून काय कळणार? कोबाल्टचे अणू किती? एनस्पिन २ आहे का, म्हणजे वरचे-खालचे स्पिन वेगळे धरलेत का? यू, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या ढकलाढकलीची दुरुस्ती, लावलाय?

गंगापूररोडकर: एनस्पिन २ आहे हो, तेवढं कळतं मला. कोबाल्टच्या ३डी ला यू पण आहे. दोन अणू, म्हणजे १६ झिंकपैकी २, साडेबारा टक्के. त्यात रात्री लाइट गेली की रन पहिल्यापासून, ते दुखणं वेगळंच.

वास्पभक्त: एस्प्रेसो सोडा, वास्प घ्या. मॅगमॉमच्या ओळीत प्रत्येक अणूचं सुरुवातीचं चुंबकत्व लिहायचं, विषय संपला.

फुकटफौजदार: आणि परवान्याचे पैसे तुम्ही देणार का? धागाकर्ता, यांचं ऐकू नका. लाइटचं म्हणाल तर मॅक्स सेकंद्स लावा. ठरलेल्या वेळी रन स्वतःहून नीट थांबतो आणि रीस्टार्टने पुढे चालतो. धाडकन लाइट गेली तर मात्र काही खरं नाही, यूपीएस लागतोच.

वास्पभक्त: फुकट ते पौष्टिक, वा!

निफाडचा बागायतदार: चुंबकाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. बोअरच्या पाण्याचे क्षार जावेत म्हणून पाइपला लावायचं चुंबक एकजण विकतोय. द्राक्षबागेसाठी घ्यावं का?

भट्टीवाला: अहो, हे कॉम्प्युटरवरचं चाललंय. धागाकर्ता, २००० साली गणिताने भाकीत आलं की मँगनीज टाकलेलं झिंक ऑक्साइड खोलीच्या तापमानालाही फेरोमॅग्नेटिक (सगळे अणू-चुंबक एकाच दिशेने) राहील. २००१ मध्ये कोबाल्ट टाकलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडची बातमी आली, मग सगळे तुटून पडले. पुढे कित्येक नमुन्यांत कोबाल्ट धातूचे बारीक गोळेच सापडले, चुंबकत्व त्यांचं! आम्हीही पेलेट (दाबलेल्या भुकटीच्या वड्या) भाजून एक्सआरडीत (क्ष-किरण चाचणीत) धातूचं शिखर शोधत बसायचो. तेव्हा तुमचा शून्य बघून दचकू नका.

चिकित्सक: भट्टीवाले, मुद्दा बरोबर, पण आधी याचा शून्य कुठला ते तर कळू दे. टोटलच्या लगेच खाली अॅब्सोल्यूट मॅग्नेटायझेशनची (वर-खाली दिशा न बघता केलेल्या बेरजेची) ओळ असते. तिच्यात किती आहे? आणि स्टार्टिंग मॅग्नेटायझेशन, म्हणजे चुंबकत्वाचा सुरुवातीचा अंदाज, काय दिलंय?

गंगापूररोडकर: अॅब्सोल्यूट ६.४१. ती ओळ मी बघतच नव्हतो. इनपुट सिनियरचं आहे, त्यात कोबाल्टचे दोन प्रकार केलेत, को१ ला ०.५ आणि को२ ला उणे ०.५. हे सगळ्यांचंच असं असतं ना?

चिकित्सक: झालं! हे तिसऱ्या आठवड्यात सांगताय? एस्प्रेसोत ते सुरुवातीचं मूल्य एकेका अणूला नाही, प्रकाराला द्यायचं असतं. म्हणून उलटसुलट स्पिन हवे असले की दोन नावं करतात. तुमचा कोबाल्ट मेलेला नाही. चतुष्फलकात बसलेल्या कोबाल्ट दोन प्लसवर तीन सुटे इलेक्ट्रॉन, म्हणजे अणूमागे साधारण ३ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक). एक वर, एक खाली, बेरीज शून्य. हा अँटीफेरो (शेजारी उलटसुलट) रन आहे. आता दोन्हींना ०.५ द्या, टोटल सहाच्या आसपास यायला हवं. मग दोन्ही रनच्या एकूण ऊर्जा ताडून पाहा, जिची कमी ती मांडणी टिकाऊ. फरक काही मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टचाच असू शकतो आणि एस्प्रेसो ऊर्जा रिडबर्गमध्ये छापतो (१ रिडबर्ग म्हणजे १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट), तेव्हा कटऑफ, के-पॉइंट अशी अचूकतेची सगळी सेटिंग तंतोतंत सारखी ठेवा. कोबाल्ट शेजारी आणि कोबाल्ट लांब, असे दोन्ही करा.

वास्पभक्त: मॅगमॉम असतं तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

गंगापूररोडकर: आभार! फेरो लावलाय, टोटल सहाकडे सरकतंय. सिनियरला फोन केला तर म्हणतो, "अरे, ती अँटीफेरोचीच फाइल होती, बोललो नव्हतो का?"

निफाडचा बागायतदार: बरं, मग पाइपचं काय करू?