अकरा पारवे आणि एक उपाशी पाहुणा

फॉलपिको_सिन्नर
९ डिसेंबर

मंडळी, नमस्कार. पक्ष्यांतलं मला फार कळत नाही. दिवसाचे आठ तास शिलाई मशीनवर बसते, मशीन खिडकीशी आहे आणि खिडकीबाहेर परस. त्यात एक पेरू, एक शेवगा, कढीपत्ता, जास्वंद, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळू आणि कोपऱ्यात पालापाचोळ्याचा खड्डा. मान वर केली की दिसतं तेवढंच माझं पक्षीनिरीक्षण.

दिवाळीत भाच्याने ऑनलाइन फीडर मागवून दिला. प्लास्टिकची उभी नळी, खाली ताटली, साडेतीनशे रुपये. बाजरी आणि तांदळाची कणी भरून पेरूला टांगला. दोन दिवस कोणी ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी चार चिमण्या आल्या, तर त्या नादात बोटात सुई घुसवून घेतली. आठवड्याभरात पारवे. काल मोजले, अकरा! ताटलीवर धड बसता येत नाही, म्हणून पंखांनी नळी हलवून दाणे पाडतात आणि मग खाली निवांत टिपतात. गिऱ्हाइकाची साडी दोनदा धुवावी लागली. चिमण्या गेल्या त्या गेल्याच. त्यात सासूबाई रोज सकाळी उरलेला भात, शेव, चिवडा भिंतीवर कावळ्यांना ठेवतात. शेजारच्या काकू विचारतात, "कबुतरखान्याचं उद्घाटन कधी?"

खरा प्रश्न वेगळाच आहे. थंडी पडल्यापासून एक पक्षी येतो. चिमणीएवढा, वरून काळपट, पोट विटकरी, आणि शेपूट सारखी थरथरते, पिकोच्या मशीनसारखी. कायम एकटा. न्हाणीच्या भिंतीवरून खाली झेप, काहीतरी उचललं, परत भिंतीवर. फीडरकडे एकदाही गेला नाही. बाजरी, कणी, पोळीचा चुरा, पेरूची फोड, भिजवलेले शेंगदाणे, सगळं ठेवून झालं. एवढ्या गारठ्यात उपाशी राहतोय असं वाटून जीव तुटतो. याला काय घालू?

निफाड_बागाईतदार
९ डिसेंबर

ताई, हा थिरथिरा. तुम्ही सांगितला तो नर. मादी मातकट असते, पण शेपूट तशीच तांबडी आणि तशीच चळवळी. उन्हाळा हिमालयात आणि त्यापलीकडे मध्य आशियात काढतो, आपल्याकडे ऑक्टोबरच्या आसपास उतरतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतो. उपाशी बिलकूल नाही. किडे, मुंग्या, कोळी, अळ्या हे त्याचं जेवण. तुमची बाजरी त्याच्या लेखी खडी.

मी द्राक्षवाला. तुम्ही पाखरं बोलावता, मी जाळी लावून हाकलतो. बुलबुलांनी मणी फोडले की मलाही कविता सुचत नाहीत. पण थिरथिऱ्याच्या वाटेला मी जात नाही, तो द्राक्षाला तोंड लावत नाही. ऐन थंडीत आमच्याकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो. मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, तेव्हा हा तारेवर लिंबाएवढा गोळा होऊन बसलेला असतो. बांधावर ऊन येईपर्यंत हलत नाही, कारण ऊन आल्याशिवाय किडाही हलत नाही. साडेआठनंतर याची पाळी सुरू. आमच्या विहिरीजवळ दरवर्षी एक असतो. तोच की दुसरा, हे पायात कडी घातल्याशिवाय सांगता येणार नाही. घरचे मात्र "आला का आपला" म्हणतात.

तुमच्याकडे त्याचं ताट तयार आहे: तो खड्डा. रोज काठीने थोडा उकरा, खालचा ओला थर वर काढा आणि मशीनवर जाऊन बसा. जास्वंदीला पिठ्या ढेकूण पडला म्हणून फवारा मारत असाल तर बंद करा. हे आयुष्यभर फवारणी केलेला माणूस सांगतोय.

फीडर उतरवा असं मी म्हणणार नाही. कोणीतरी म्हणेलच.

ठाणे_सरळ_बोल
१० डिसेंबर

मी म्हणतो. उतरवा. पारव्यांना शहरात काहीही कमी नाही. वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की काही जणांची फुफ्फुसं कायमची खराब होतात. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली तेव्हा काय रामायण झालं ते आठवा, हायकोर्टापर्यंत गेलं. आणि सासूबाईंना सांगा, भात ठीक, शेव-चिवडा नको. मीठ आणि तेल पाखरांचं खाणं नाही. आमच्याकडे खाडीवर हिवाळ्यात कुरव (समुद्रपक्षी, सीगल) आले की लोक पुडेच्या पुडे फरसाण उधळतात, वर त्याचे फोटो!

लीड्सची_संगमनेरकर
१० डिसेंबर

ठाणेकर, जरा दमानं. ताई, मी संगमनेरची, लग्नानंतर इंग्लंडात. फीडर ही मुळात इकडच्या हिवाळ्याची चीज आहे. सध्या आमच्याकडे सव्वाआठला उजाडतं आणि पावणेचारला सूर्य मावळतो. ब्लू टिट नावाची निळी-पिवळी चिमुकली असते, वजन जेमतेम दहा-अकरा ग्रॅम. सोळा तासांची रात्र काढायला तेवढ्याशा दिवसात पोट भरायचं, आणि जमीन गोठलेली. म्हणून इथे चरबीचे गोळे टांगतात. कसली चरबी ते आई इथे राहायला आली तेव्हा मी सांगितलं नाही, "वनस्पती तूप" म्हणाले. देव क्षमा करो.

गंमत ऐका. इथल्या गोल्डफिंचना काळं बारीक बी आवडतं, त्याला वेगळा बारीक भोकांचा फीडर मिळतो. पहिली पिशवी फोडली आणि वासावरून ओळखलं: कारळे! आपली खुरासणी. पेठ-सुरगाण्याकडे पिवळी फुलते तीच. अर्धी पिशवी पक्ष्यांना घातली, मूठभर भाजून चटणी करायचा मोह झाला होता, पण ते माणसांसाठी साफ केलेलं नसतं.

एक मात्र नीट ऐका. फीडर ठेवाच, तर धुवा. इकडे ग्रीनफिंच पक्षी अशाच दाण्याच्या जागांवर एकमेकांपासून रोग लागून प्रचंड संख्येने मेले. मी दर रविवारी गरम पाण्याने घासते, पूर्ण वाळवते, जागा बदलते. त्याचा कंटाळा असेल तर टांगूच नये.

फॉलपिको_सिन्नर
११ डिसेंबर

कारळ्याचं वाचून सासूबाई म्हणाल्या, "बघ, साहेबाच्या पाखरांना चटणी आणि तू मला अळणी भात देतेस." शेव बंद केली आहे. म्हणजे त्यांनी नाही, मी डबा वर ठेवला.

फीडर उतरवला. पण चिमण्यांसाठी जीव अडकलाय हो.

निफाड_बागाईतदार
११ डिसेंबर

बाजरीची अख्खी कणसं आणा, शेतकऱ्याकडून, पाच-सहा. पेरूच्या टोकाच्या बारीक फांद्यांना सुटी सुटी बांधा. चिमणी आणि मुनिया कणसाला लटकून खातात. पारव्याच्या वजनाने फांदीच वाकते, त्याला लटकता येत नाही. आणि पाणी ठेवा. लोक उन्हाळ्यातच ठेवतात, पण आपल्याकडचा हिवाळा कोरडा असतो. पसरट मातीचं भांडं, दोन बोटं पाणी, मध्ये एक खडबडीत दगड, रोज ओतून नवं भरायचं, नाहीतर डासांची शाळा भरते. मांजर दबा धरेल अशा झुडपाजवळ नको.

फॉलपिको_सिन्नर
१८ जानेवारी

उशीर झाला. लग्नसराईचे ब्लाऊज होते, श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

खड्डा उकरायचं दुसऱ्याच दिवशी सुरू केलं. काठी टेकवून वळले, दाराशी पोचले नाही तोवर तो उतरला होता. आता तर मी काठी हातात घेतली की भिंतीवर हजर. परवा माझ्यापासून तीन हातांवर होता. कुजलेल्या पेरूखालून एक पांढरी अळी ओढली, भिंतीवर दोनदा आपटली आणि गिळली. मग माझ्याकडे बघून शेपूट थरथर. पुढचं उकर, असंच म्हणत असणार.

कणसांवर चिमण्या परत आल्या, सध्या सात. पारवे दोन दिवस खाली बसून वाट बघत होते, मग गेले. न्हाणीच्या ओलीत एक पांढरा धोबी पक्षी चालत असतो, कंबरेवर हात ठेवून फिरणाऱ्या मुकादमासारखा.

संक्रांतीचं मात्र वाईट. शेवग्यात नायलॉनचा मांजा अडकला आणि त्यात एक साळुंकी. मुलाने शिडी धरली, मी टाके उसवायच्या हत्याराने एकेक दोरा कापला. पंख शाबूत होता, उडाली. त्या संध्याकाळी सगळं परस फिरून मांजा गोळा केला, दोन मुठी भरला.

ठाणे_सरळ_बोल
१९ जानेवारी

शाब्बास ताई. आता एक काम करा. फेब्रुवारीत चार दिवस जगभर घराभोवतीचे पक्षी मोजतात, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट म्हणतात, भारतातही २०१३ पासून होतं. किमान पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसेल ते मोजायचं आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर भरायचं. मशीन चालू ठेवूनही जमेल.

फॉलपिको_सिन्नर
१७ फेब्रुवारी

भरलं, भाच्याच्या फोनवरून. पंधरा मिनिटांत: चिमण्या ९, बुलबुल २, शिंजीर १ (जास्वंदीवर), साळुंक्या ४, धोबी १, थिरथिरा १, पारवे २. पारवे लपवावेसे वाटले, पण लिहिले.

आणि एक राहिला. शेवग्याच्या खालच्या फांदीवर, चिमणीहून लहान, पाठ तपकिरी, गळ्याशी केशरी ठिपका, शेपटी वर उडवली की दोन्ही बाजूंना पांढरं दिसतं. टिक् टिक् करतो. हा कोण?

निफाड_बागाईतदार
१७ फेब्रुवारी

लाल छातीचा माशीमार असावा, नर. तोही किडेवाला, तोही पाहुणा. बाजरी दाखवू नका.