मदत हवी आहे: हँडलच्या फोनवरून डायलवर जाताना नेमकं काय करायचे?
नमस्कार मंडळी, अमेरिकेत मेन राज्यात ब्रायंट पॉन्ड नावाचं गाव आहे, तिथली टेलिफोन कंपनी हॅथवे कुटुंबाच्या घरातल्याच स्विचबोर्डवर चालायची, हँडल फिरवलं की ऑपरेटर लाईन जोडून देणार, आणि हे चक्क ऑक्टोबर १९८३ पर्यंत! गावकऱ्यांनी हँडल वाचवायला मोहीम पण काढली होती, मला ते फार भारी वाटतं. तर प्रश्न असा की मॅग्नेटो फोनमध्ये (म्हणजे या हँडलवाल्या फोनमध्ये) बोलण्यासाठीची बॅटरी घरच्या फोनलाच असते आणि डायलवाल्याला करंट एक्सचेंजमधून येतो, मग नवे फोन घरोघरी आधीच बसवून ठेवतात का, आणि जुनी लाईन कधी तोडतात? आपल्याकडे टेलिफोन खात्यात असं कटओव्हर (जुनी यंत्रणा बंद करून नवीवर जाणं) कोणी केलंय का? प्लीज सविस्तर सांगा, लेख लिहितोय.