अंध उमेदवार आणि संगणक सर्टिफिकेशन: सूट नको, पेपर वाचता येऊ द्या

रात्रपाळी (धागाकर्ता)

मी लिनक्स सर्व्हर सांभाळतो आणि मला दिसत नाही. रोजच्या कामात याची कोणाला फारशी आठवण येत नाही, कारण सर्व्हरचं काम अक्षरांवर चालतं. कमांड टाइप करायची, आलेलं उत्तर वाचायचं. ते उत्तर स्क्रीन रीडर बोलून दाखवतो, नाहीतर ब्रेल डिस्प्लेवर बोटाखाली येतं. घोडं अडतं ते सर्टिफिकेशनच्या परीक्षेपाशी.

प्रात्यक्षिक परीक्षाच घ्या. बरेचदा उमेदवाराला दूरचं एक मशीन देतात आणि ते ब्राउझरमध्ये रिमोट डेस्कटॉप म्हणून उघडतं. म्हणजे त्या मशीनच्या पडद्याचं नुसतं चित्र इकडे येतं. स्क्रीन रीडरला अक्षरं लागतात, चित्रात त्याला काही सापडत नाही. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, मी रोज वापरतो तेच, पण त्याचा फोटो काढून समोर ठेवलेला. त्याच मशीनवर थेट एसएसएचने, म्हणजे नुसत्या अक्षरांतून चालणाऱ्या जोडणीने, जाऊ दिलं तर हा प्रश्न उरतच नाही.

घरून परीक्षा द्यायची तर परीक्षेचं सॉफ्टवेअर आधी बाकीचे प्रोग्रॅम बंद करायला लावतं, आणि त्यात स्क्रीन रीडरही बंद होतो. मग केंद्रावर या म्हणतात. तिथे मिळतो वाचून दाखवणारा माणूस. माणूस सज्जन असतो हो, पण त्याला एखादं रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात शोधायचा नमुना चिन्हांत लिहिलेला, वाचायला देऊन बघा: टोपीसारखं चिन्ह, चौकटी कंस, अधिकचं चिन्ह, उलटी तिरपी रेघ, टिंब, डॉलर. एक चिन्ह गळलं की उत्तर बदललं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत तर ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागाच अर्थ ठरवते, ती मोठ्याने वाचायचं कोणाच्या लक्षात येणार? एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर ती बोलून सांगतो, हवं तर सुराच्या चढउताराने सांगतो. शिवाय मी मागे जाऊन एकेक अक्षर तपासू शकतो. माणसाला सारखं "परत वाचा" म्हणायला जीभ रेटत नाही.

प्रश्न गाळू नका, गुण वाढवू नका. माझ्या साधनांनी तोच पेपर सोडवू द्या, एवढंच.

कडीकुलूप

सहानुभूती आहे, पण सहमत नाही. परीक्षेच्या सुरक्षिततेचं काम मी जवळून पाहिलंय. चोरलेले प्रश्न विकण्याचा धंदा जोरात चालतो, आणि प्रश्न फुटले की सर्टिफिकेट सगळ्यांचंच मातीमोल होतं, तुमचंही. स्क्रीन रीडर म्हणजे काय, तर पडद्यावरचा मजकूर उचलणारा प्रोग्रॅम. एनव्हीडीएमध्ये स्पीच व्ह्यूअर आहे, जे बोललं जातं ते त्यात अक्षरांत उमटतं. वर पायथनमध्ये लिहिलेले अ‍ॅड-ऑन बसवता येतात. उमेदवाराच्या घरच्या मशीनवर हे सगळं चालू ठेवून पेपर द्यायचा? मी तरी सही करणार नाही.

रात्रपाळी

घरच्या मशीनचा मुद्दा मान्य. मग केंद्राच्या मशीनवर तुम्हीच बसवा की! एनव्हीडीए फुकट आहे, आणि त्याला सुरक्षित मोड आहे: पायथन कन्सोल बंद, लॉग बंद, अ‍ॅड-ऑन स्टोअर बंद. कुलूप तुमचं, किल्लीही तुमची.

कडीकुलूप

आणि मग उमेदवार म्हणतो माझा आवाज, माझा वेग, माझ्या शॉर्टकट की. तेही हवंच असतं.

रात्रपाळी

हवंच असतं. त्या नोंदी साध्या फाइलमध्ये असतात, आधी पाठवू, तुम्ही तपासा.

बाराभाई

जरा वेगळं बोलतो, राग नसावा. मी माणसं नेमतो. सर्टिफिकेट माझ्यासाठी हमी असते, की हा माणूस पहाटे तीनला सिस्टिम बसली तर उभी करेल. आमच्याकडे निम्मी देखरेख आलेखांवर चालते. कुठली रेघ अचानक वर गेली हे डोळ्यांनी एका क्षणात कळतं. परीक्षेतून ते काढून टाकलं तर हमी कसली? आणि काढलं नाही तर अंध उमेदवार नापास. मधला मार्ग मला तरी दिसत नाही.

शून्यमार्ग

बाराभाई, तुमच्या त्या आलेखामागे आकडे असतात. रेघ वर गेली म्हणजे आकडा मर्यादेबाहेर गेला, आणि पहाटे तीनला तुम्हाला उठवतो तो त्या आकड्यावर लावलेला अलर्ट. आलेखाकडे टक लावून तेव्हा कोणीच बसलेलं नसतं.

बाकी हा प्रश्न कायद्याने बराच आधी हाताळलाय. अमेरिकेच्या १९९० च्या अपंगत्व कायद्याखालचा नियम सांगतो की निकालात उमेदवाराचं ज्ञान उतरलं पाहिजे, त्याचं अधू इंद्रिय नव्हे. अपवाद एकच: ते इंद्रियकौशल्यच मोजायचं असेल तर. म्हणजे आलेख डोळ्यांनी बघणं हेच कौशल्य आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर ते उघडपणे अभ्यासक्रमात लिहा आणि त्याचं समर्थन करा. मी पाहिलेल्या कुठल्याही अभ्यासक्रमात 'डोळ्यांनी' हा शब्द नाही.

याच नियमावर स्टेफनी एनयार्ट यांचा खटला झाला. वकिलीची परीक्षा त्यांना जॉज हा स्क्रीन रीडर आणि अक्षरं मोठी करणारं झूमटेक्स्ट वापरून द्यायची होती. परीक्षा मंडळ वाचून दाखवणारा माणूस, मोठ्या अक्षरांतला पेपर, सीडी असं सगळं द्यायला तयार होतं, फक्त ही दोन सॉफ्टवेअर सोडून. २०११ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. काहीतरी सोय दिली की जबाबदारी संपली, हे तिथे चाललं नाही.

बाराभाई

न्यायालय माझी सिस्टिम चालवायला येणार नाही.

शून्यमार्ग

खरंय. पण ज्या एनव्हीडीएबद्दल वर एवढा खल झाला, तो २००६ मध्ये लिहायला घेणारे मायकेल करन स्वतः अंध आहेत. एमॅक्सपीक हे असंच बोलणारं सॉफ्टवेअर लिहिणारे टी. व्ही. रमणही. अशा माणसाला तुमच्या फॉर्मच्या चाळणीतून जायला सर्टिफिकेट लागतं आणि तो परीक्षेलाच बसू शकत नसेल, तर त्यात तुमचाही तोटा आहे.

प्रश्नपेढी

मी असे प्रश्न तयार करते, त्यामुळे प्रत्यक्षात कुठे अडतं ते सांगते. माउसने उत्तर ओढून जागेवर टाकायचे प्रश्न अवघड नाहीत. पायऱ्या क्रमाने लावायच्या असतील तर प्रत्येकीपुढे क्रमांकाची यादी ठेवा, काम झालं. सगळं कीबोर्डने करता यावं ही अट वेबच्या सुगम्यता निकषांत, म्हणजे डब्ल्यूसीएजी २.० मध्ये, २००८ पासून सर्वात खालच्या, म्हणजे किमान पाळायच्याच, पातळीवर आहे. ती न पाळणं हा निव्वळ आळस.

अवघड आहेत आकृत्या. एक प्रश्न असा: चारपैकी कोणता स्विच (नेटवर्कमधली यंत्रं जोडणारं उपकरण) रूट ब्रिज, म्हणजे त्या सगळ्यांचा मुख्य स्विच, होईल? आकृतीत प्रत्येकाशेजारी प्रायॉरिटी (प्राधान्याचा आकडा) आणि मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक). याचा चार ओळींचा तक्ता केला की झालं. सर्वात कमी प्रायॉरिटी, बरोबरी असेल तर सर्वात लहान मॅक पत्ता, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तक्ता पुरतो. आता दुसरा प्रश्न: या जाळ्यात लूप, म्हणजे फिरून परत तिथेच येणारी वाट, कुठे आहे? 'क, ग आणि च एकमेकांना जोडलेले आहेत' असं वर्णन मी लिहिलं तर पेपर मीच फोडला. नाही लिहिलं तर माहिती अपुरी.

रात्रपाळी

प्रश्नपेढीताई, वर्णन करूच नका. सगळ्या जोडण्या पोर्टनिशी एकसारख्या ओळींत द्या, कुठलीही उठून दिसू नये. लूप शोधायचं काम उमेदवाराकडेच राहतं. प्रत्यक्ष नेटवर्कवर काम करताना तरी आकृती कोण देतं? उपकरणाकडून एलएलडीपीने कळलेल्या शेजाऱ्यांची, म्हणजे त्याला थेट जोडलेल्या उपकरणांची, यादी मागवायची आणि तीवरून जाळं डोक्यात मांडायचं.

प्रश्नपेढी

तेच करते मी. पण मग प्रश्न तोच राहतो का? डोळसाला आकृतीत लूप झटकन दिसतो, तुम्हाला बारा ओळी मनात धरून जुळवाव्या लागतात. एकच प्रश्न दोघांना वेगवेगळ्या काठिण्याचा झाला. प्रत्येक प्रश्नाचं काठिण्य आम्ही शेकडो उमेदवारांच्या उत्तरांवरून ठरवतो. बदललेला प्रश्न सोडवणारे अंध उमेदवार मूठभर, त्यातून आकडा निघत नाही. 'सर्वांना समान परीक्षा' असं छातीठोकपणे मी म्हणू शकत नाही ते यामुळे.

शून्यमार्ग

मग यादी सगळ्यांनाच द्या. डोळसांनाही. आकृती हवी त्याने कागदावर काढावी.

प्रश्नपेढी

समितीत हे मांडलं तर पहिला आक्षेप येईल, 'डोळसांना का त्रास?' पण तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे: मजकुराचा प्रश्न तयार करायला आकृतीपेक्षा स्वस्त पडतो, आणि उपकरणाची आवृत्ती बदलली तर दुरुस्तीही सोपी.

दोन_ओळी

अंध उमेदवारांना पेपरसाठी मिळणाऱ्या दुप्पट वेळेबद्दल कोणीच बोलेना. स्क्रीन रीडरवाले एवढ्या वेगाने ऐकतात की आपल्याला एक शब्द कळत नाही. मग जादा वेळ कशाला?

रात्रपाळी

वेग आहे, नजर फिरवणं नाही. लांबलचक प्रसंग वाचून चौथ्या पर्यायाशी आलो आणि दुसऱ्या परिच्छेदातला आयपी पत्ता पुन्हा हवा झाला, की तुम्ही डोळे वर उचलता. मी ओळींमागून ओळी मागे जातो.

उजवीकडून_तिसरा

मीही अंध, आणि धागाकर्त्याशी माझं पटत नाही. 'सूट नको' म्हणणं त्याला परवडतं ज्याच्या हातात नोकरी आहे. मला पहिली नोकरी शोधायची आहे आणि अर्जाच्या फॉर्ममध्ये सर्टिफिकेट क्रमांकाचा रकाना सक्तीचा आहे. सिम्युलेशनचे प्रश्न, म्हणजे खऱ्या यंत्रणेची नक्कल पडद्यावर देऊन सोडवायला लावतात ते, वगळून उरलेल्यांवर गुण देणार असतील तर मी आज घेईन. परीक्षा आदर्श होईपर्यंत माझं वय थांबणार नाही.

रात्रपाळी

घ्या, जरूर घ्या. माझी भीती वेगळी आहे. वगळलेल्या प्रश्नांची बातमी बाराभाईंसारख्यांच्या कानावर गेली की तुमचं सर्टिफिकेट अर्धं मोजलं जाईल, आणि कंपनी म्हणेल सोय तर दिली, आता सिम्युलेशन दुरुस्त कशाला करायचं. ते दुरुस्त होऊ शकतं. ऑस्ट्रेलियात कर्टिन विद्यापीठाशी जोडलेल्या, सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीच्या दृष्टिबाधितांसाठीच्या अकॅडमीने अंध विद्यार्थ्यांना हेच नेटवर्किंग शिकवलं आहे. शिकवता येतं ते तपासता येत नाही, हे मला पटत नाही.

उजवीकडून_तिसरा

अर्धं मोजलं तरी शून्यापेक्षा जास्त. तुमची लढाई मोठी आहे, माझी या महिन्याची. दोन्ही मागता येतील की. निदान एवढं आधी करा: पैसे भरायच्या आधी त्याच सॉफ्टवेअरमध्ये, त्याच स्क्रीन रीडरसह सरावाचा पेपर उघडून बघता यावा. कुठल्या प्रकारचे प्रश्न वाचता येत नाहीत ते परीक्षेच्या खुर्चीत कळून काय उपयोग? यात गुप्त असं काहीच नाही.

कडीकुलूप

यावर माझा आक्षेप नाही. सरावाचे प्रश्न चोरून कोणी काय करणार. घरून परीक्षेच्या मुद्द्यावर मात्र मी आहे तिथेच आहे.